छर्रा, पक्षी आणि पुरावा

भातकुलीच्या खारपाणपट्ट्यात तुरीच्या ओळींतून लावा भुर्रकन उडाला, की आपण दचकतो. ब्रिटिश अमदानीतला शिकारी मात्र त्या क्षणासाठी बंदूक आधीच निवडून ठेवीत असे. ती निवड म्हणजे भौतिकशास्त्रातले एक उदाहरणच होते.

छर्रे शिशाचे. व्यास दुप्पट केला, तर एका छर्र्याचे वजन आठपट होते. पण तेवढ्याच वजनाच्या काडतुसात छर्रे एक अष्टमांशच मावतात. जड छर्रा हवेच्या विरोधाला कमी जुमानतो आणि दूरवर जोर टिकवतो. म्हणून उंचावरच्या बदकांसाठी मोठे छर्रे आणि टोकाशी किंचित अरुंद केलेली नळी. अशा नळीतून छर्र्यांचा घोळका लवकर पसरत नाही. जवळून उडणाऱ्या लाव्यासाठी बारीक छर्रे आणि सरळ नळी.

संग्रहालयासाठी पक्षी टिपणाऱ्यांची अडचण वेगळी होती. त्यांना मांस नको, अखंड कातडे हवे होते. छोट्या पक्ष्यांसाठी ते अगदी धुळीसारखे बारीक छर्रे वापरीत.

अशाच एका कातड्यावरून अ‍ॅलन ह्यूम यांनी 1873 मध्ये रानपिंगळ्याचे वर्णन केले. हेच ह्यूम पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत होते. नंतर जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात आणखी नमुने मिळवले. 1884 नंतर मात्र हा पक्षी कोणाला खात्रीने दिसला नाही. रिचर्ड माइनर्त्झहागेन यांनी आपण 1914 मध्ये गुजरातेत एक मारल्याचे सांगितले होते. पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी तो नमुना बारकाईने तपासला. कातडे भरण्याची मूळ पद्धत डेव्हिडसनची निघाली! म्हणजे नमुना चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती.

खोटे ठिकाण वगळून जुन्या खऱ्या ठिकाणी शोध घेतल्यावर नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत भेटला. पुढे तो आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातही सापडला.

बंदुकीने मिळालेला पुरावा शंभर वर्षांनी उपयोगी पडला, हे खरे. पण त्या पुराव्याची किंमत चिठ्ठीवरच्या प्रामाणिक नोंदीत होती. आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानपिंगळ्याला पूर्ण संरक्षण आहे. दुर्बीण, कॅमेरा आणि वही पुरेशी आहे. तेव्हा विद्यार्थ्यांना शिवारात न्याल, तर प्रत्येक नोंदीपुढे दिनांक, वेळ आणि ठिकाण लिहायला लावा. जे दिसले नाही, ते लिहायचे नाही.