बुधवार पेठ, रेल्स आणि कोणी कुठे बसायचं

गेल्या शनिवारी बऱ्याच दिवसांनी अप्पा बळवंत चौकात गेलो होतो. भाचीची दहावीची गाईडं घ्यायची होती. सहज एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात डोकावलो आणि विचारलं, "काका, रुबीवर काही आहे का?" काकांनी चष्म्यावरून बघितलं. "रुबी हॉल स्टेशनकडे. इथे पुस्तकं मिळतात." असो. :-)

पण तिथे उभं राहून एक गोष्ट जाणवली. पुस्तकं अप्पा बळवंत चौकात, वायरी, स्विच आणि दिव्यांच्या माळा तपकीर गल्लीत, भांडीकुंडी तुळशीबागेत. हे कुणी शाळेत शिकवत नाही, तरी पुणेकराला पत्ता विचारावा लागत नाही. औरंगजेबाच्या काळात या पेठेचं नाव मुहियाबाद होतं, पेशवाईत बुधवार झालं. 'बुधवार' या नावावरून आत काय मिळतं ते काहीच कळत नाही. कळतं ते रूढीनं. आमच्या धंद्यात यालाच 'कन्व्हेन्शन ओव्हर कॉन्फिगरेशन' म्हणतात. तर मंडळी, आज थोडा त्याचा इतिहास.

२००० च्या सुमारास जावामध्ये वेब अॅप्लिकेशन लिहायचं म्हणजे स्ट्रट्स. कुठली विनंती कुठल्या क्लासकडे जाणार हे एक्सएमएल फाईलीत लिहायचं. अॅप्लिकेशन मोठं झालं की ती फाईलही मारुतीच्या शेपटीसारखी वाढायची. मग २००४ साली डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रामरने बेसकॅम्प या आपल्या प्रॉडक्टमधून सामाईक भाग वेगळा काढला आणि 'रुबी ऑन रेल्स' म्हणून सगळ्यांना खुला केला. क्लासचं नाव 'ऑर्डर' असेल तर टेबल 'ऑर्डर्स' असणारच, सांगायची गरज नाही. मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर यांचे फोल्डरही ठरलेले. फ्रेमवर्कला स्वतःची मतं आहेत, पटत असतील तर या, नाहीतर दुसरं घर बघा. एकदम पुणेरी दुकान! पुण्यालाही ते मानवलं असावं, २०१२ आणि २०१३ ची रुबीकॉन्फ इंडिया इथेच झाली.

गोची पुढे आहे. रेल्सचे फोल्डर वस्तूच्या जातीवरून पाडलेले आहेत, धंद्यावरून नाही. सगळी मॉडेलं एकीकडे, सगळे कंट्रोलर दुसरीकडे. म्हणजे गावातल्या सगळ्या दुकानांचे गल्ले एका पेठेत आणि सगळ्यांची गोदामं दुसऱ्या पेठेत. दहा दुकानं असताना चालतं. पाचशे झाल्यावर कोणाचा माल कुठला ते कळेनासं होतं. त्यात २००६ मध्ये जेमिस बकने 'कंट्रोलर सडपातळ, मॉडेल जाडं' असा सल्ला दिला. सल्ला चांगलाच होता, पण लोकांनी मॉडेलं इतकी जाडी केली की ती दारातून आत जाईनात.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, स्वतः केलंय. आधीच्या नोकरीत आम्ही घरपोच औषधांचं अॅप्लिकेशन बनवत होतो. ऑर्डरचं मॉडेल अडीच हजार ओळींचं. रेकॉर्ड सेव्ह झालं की गिऱ्हाइकाला एसएमएस जाईल असा कॉलबॅक त्यात मीच टाकला होता. तीन ओळी होत्या, फार सुंदर वाटल्या होत्या. वर्षभराने आम्ही एका जुन्या सिस्टिममधला डेटा रात्री आत ओतला. रेकॉर्ड सेव्ह होत गेली आणि हजारो जुन्या गिऱ्हाइकांना 'तुमची औषधं निघाली आहेत' असे निरोप गेले. सकाळी सपोर्टला एका बाईंचा फोन आला. त्यांचे वडील सहा महिन्यांपूर्वी वारले होते. त्या चिडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "नंबर काढून टाका हो तेवढा." तो कॉल मी नंतर ऐकला. तो आवाज अजून आठवतो.

चूक माझीच. रेल्सने कॉलबॅकची सोय दिली होती, पण निरोप पाठवणं हे ऑर्डरचं काम आहे का, हे रेल्स सांगत नाही. ते आपण ठरवायचं असतं, आणि आम्ही ठरवलंच नव्हतं.

हा घोळ भल्याभल्यांना चुकला नाही. शॉपिफाय अगदी सुरुवातीपासून रेल्सवर. पसारा हाताबाहेर जायला लागला तेव्हा त्यांनी सगळं फोडून शंभर सर्व्हिस केल्या नाहीत. सुमारे ६००० क्लास एका स्प्रेडशीटमध्ये मांडले, प्रत्येकापुढे त्याचा धंदा लिहिला आणि फोल्डर त्याप्रमाणे पाडले. थोडक्यात, पेठा वसवल्या! २०२० मध्ये त्यांचा कोड २८ लाख ओळींच्या वर होता. एका पेठेने दुसरीच्या माजघरात घुसू नये म्हणून त्याच वर्षी त्यांनी पॅकवर्क नावाचं तपासणीचं टूल खुलं केलं. पुढे त्यांनीच कबूलही केलं की नुसत्या टूलने घर लागत नाही. कुठली गोष्ट कोणाची, यावर माणसांनी बसून भांडावंच लागतं.

आम्हीही तेच केलं, लहान प्रमाणात. 'निरोप' हा वेगळा फोल्डर केला. ऑर्डर पक्की करणारा कोड त्याला सांगतो, 'पाठव'. डेटा ओतणारा कोड सांगत नाही, म्हणून निरोप जात नाही. आता त्या तीन ओळींच्या चाळीस झाल्यात, आणि दिसायला अजिबात सुंदर नाहीत. पण नवीन आलेल्या मुलीला 'एसएमएस कुठून जातो?' हे कुणाला विचारावं लागलं नाही. माझ्या लेखी ते जास्त मोलाचं.

म्हणून फ्रेमवर्कची मतं जरूर पाळा, पहिली दोन वर्षं त्याच्याशी वाद घालू नका. पण ती मतं घर कसं बांधायचं याबद्दल असतात. तांबट कुठे बसणार आणि पुस्तकवाला कुठे, हे गावानेच ठरवायचं.

बाकी रुबीचं पुस्तक काही मिळालं नाही. गाईडं शेजारच्याच दुकानात मिळाली. असो, पुरे आता. सोमवारी रिलीज आहे.