भेदनक्षमता, रायफलच्या गोळीची

रायफलमधून सुटलेली गोळी मार्गात आलेल्या पदार्थात किती खोल शिरते, तो भेदून पलीकडे जाते की त्यातच फुटून थांबते, याचे मान म्हणजे तिची भेदनक्षमता होय. हा एकट्या गोळीचा गुण आहे अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी वस्तुतः गोळी, आदळण्याच्या क्षणीचा तिचा वेग आणि समोरचा पदार्थ या तिहींच्या संबंधातून तो निष्पन्न होतो. जी गोळी पोलादी पत्रा लीलया भेदते तीच वाळूच्या पोत्यात हातभर अंतरात निकामी होते, आणि ज्या वस्त्रकवचापुढे पिस्तुलाची जड गोळी हतबल ठरते त्यातून रायफलची निम्म्या वजनाची गोळी आरपार जाते.

काडतुसाची पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी असलेली टोपी आणि आतील दारू यांचे काम गोळीला वेग देऊन संपते. पुढचा सर्व व्यवहार गोळीच्या वस्तुमानावर, आकारावर आणि काठिण्यावर अवलंबून असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ९ मिमी. पिस्तुलाच्या सुमारे ८ ग्रॅम वजनाच्या गोळीत ५०० जुलांच्या आसपास ऊर्जा असते, तर ७.६२ मिमी. नाटो रायफलच्या साडेनऊ ग्रॅमच्या, सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघणाऱ्या गोळीत ती ३,३०० जुलांवर जाते. तथापि ही ऊर्जा किती क्षेत्रफळावर एकवटते आणि ती वाहून नेणारा धातू आघातात आपला आकार राखतो की चेपतो, हे प्रश्न ऊर्जेच्या आकड्याहून कमी महत्त्वाचे नाहीत. ५.५६ मिमी. गोळीचे छेदक्षेत्र ७.६२ च्या सुमारे निम्मे असते, आणि तिची ऊर्जाही जवळजवळ निम्मीच असते. म्हणून पातळ पोलादावर या दोहोंची कामगिरी वाटते तितकी भिन्न निघत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत गोळी नुसत्या शिशाची असे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूरहीन दारू सिद्ध केली, १८८६ च्या लेबेल रायफलमध्ये ती वापरात आली, आणि वाढलेल्या वेगामुळे उघडे शिसे नळीच्या आट्यांना चिकटू लागेल म्हणून शिशाच्या गाभ्यावर कठीण धातूचे आवरण चढवणे अपरिहार्य झाले. या आवरणामुळे गोळी शरीरातून न पसरता आरपार जाऊ लागली. तेव्हा १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर, शत्रू पुरेसा जायबंदी होत नाही अशी तक्रार ब्रिटिश फौजेतून आली आणि कलकत्त्याजवळील डमडमच्या शस्त्रशाळेत टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या व इंग्लंडने १९०७ साली ते बंधन मान्य केले. या निर्बंधाचा हेतू मानवतेचा होता यात संशय नाही. परंतु पसरणारी गोळी आडोशात लवकर थांबते आणि पूर्णावृत गोळी भिंतीपलीकडच्या तिऱ्हाइतालाही गाठते, हा त्याचा आनुषंगिक परिणाम मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. जर्मनीने १९०५ च्या सुमारास आणि ब्रिटनने १९१० साली बोथट गोळी टाकून टोकदार गोळी स्वीकारली, तेव्हा दूर अंतरावरही वेग टिकू लागला.

केवळ चिलखतासाठी घडवलेल्या गोळीचा उदय पहिल्या महायुद्धात झाला. खंदकातील पोलादी ढालींविरुद्ध जर्मनांनी पोलादी गाभ्याची ‘के’ गोळी वापरात आणली होती. १९१६ साली सॉमच्या रणभूमीवर ब्रिटिश रणगाडे अवतरले तेव्हा तीच त्यांच्यावर उपयोगी पडली. इंग्रजांनी पुढच्या वर्षी ‘मार्क चार’ रणगाड्याचा पत्रा १२ मिमी.पर्यंत जाड केला, आणि जर्मनांनी १९१८ मध्ये १३.२ मिमी. व्यासाची खास रणगाडाविरोधी रायफल काढली. गोळी आणि कवच यांची ही चढाओढ अद्याप थांबलेली नाही.

आजच्या गोळ्यांचे गाभ्यावरून ढोबळ वर्ग पडतात. शिशाचा गाभा घन पण मऊ असतो व कठीण पृष्ठावर पसरतो. मृदू पोलादाचा गाभा, उदाहरणार्थ कलाश्निकोव्हच्या ७.६२ × ३९ मिमी. गोळीतला, मुख्यतः शिशाची काटकसर म्हणून आला असला तरी पत्र्यांवर अधिक समर्थ ठरतो. १९८० साली नाटोने प्रमाण मानलेल्या ५.५६ मिमी. एस. एस. १०९ गोळीत शिशापुढे पोलादी टोक बसवलेले असते. सुमारे ६०० मीटरवर साडेतीन मिमी. पोलादी पत्रा भेदावा ही तिच्याकडून अपेक्षा होती. टणक केलेले पोलाद अथवा टंगस्टन कार्बाइड यांचा गाभा असलेली खरी चिलखतभेदी गोळी ही याहून निराळी चीज असून ती बहुतेक लष्करी कोठारांपुरतीच मर्यादित असते.

आडोशांचा विचार करू लागले की पुष्कळ समजुती मोडतात. वाळू आणि माती यांत वेगवान टोकदार गोळी लगेच आडवी होते, तिचे आवरण फाटते व ऊर्जा थोडक्या अंतरात खर्ची पडते. शंभर-दोनशे मीटरवरून आलेली गोळी जवळून झाडलेल्या गोळीपेक्षा वाळूत अधिक खोल जाते, हा जुन्या लष्करी चाचण्यांतील निष्कर्ष प्रथमदर्शनी उफराटा वाटतो, पण नळीतून निघताच गोळी किंचित डगमगत असते आणि पुढे स्थिर होते, हे ध्यानी घेतल्यावर तो उलगडतो. पाण्याचेही तसेच आहे : वेग जितका अधिक तितकी गोळी लवकर फुटते वा उलटते, आणि मीटरभर पाणी पुष्कळ रायफल गोळ्यांना पुरे होते. विटांच्या भिंतीवर पहिली गोळी थांबली तरी त्याच जागी पडणाऱ्या पुढच्या गोळ्या भगदाड पाडतात. मोटारीच्या तिरप्या काचेवर गोळीची दिशा वळते व आवरण गाभ्यापासून सुटते. मोटारीचे दार मात्र, चित्रपटांनी काहीही दाखवले तरी, रायफलपुढे आडोसा नव्हेच. तेथे आधार मिळतो तो इंजिनाच्या ओतीव ठोकळ्याचा.

अंगावरील चिलखतात दोन भिन्न तत्त्वे काम करतात. १९६५ साली ड्यू पाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून केव्हलार तंतूचा मार्ग मोकळा झाला. त्याच्या अनेक थरांत पिस्तुलाची बोथट, मंद गोळी चेपते आणि तिची ऊर्जा तंतूंवर दूरवर पसरते. रायफलची निमुळती, वेगवान गोळी तंतूंना ताण घेण्याइतका अवकाशच देत नाही. तिला थांबवायचे तर आधी फोडावे लागते, आणि त्यासाठी गोळीच्या गाभ्याहून कठीण असा सिरॅमिक पट लागतो : ॲल्युमिना, सिलिकॉन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइड. आघाताने पट स्वतः शंकूच्या आकारात भंगतो, गोळीचे टोक चुरतो, आणि मागचा तंतुमय थर दोहोंचे तुकडे झेलतो. पोलादाच्या तुलनेत बोरॉन कार्बाइडची घनता एक-तृतीयांशाहूनही कमी असल्याने शिपायाला ते वाहणे शक्य होते. मात्र भंगलेल्या जागी दुसरी गोळी बसल्यास संरक्षणाची हमी उरत नाही.

गोळी थांबली म्हणजे माणूस निर्धोक राहिला असेही नाही. चिलखत आतल्या बाजूस किती फुगते याची परीक्षा मातीच्या लगद्यावर घेतात. अमेरिकन मानकाने त्याची मर्यादा ४४ मिमी. धरली आहे. त्याच मानकाच्या २०२३ च्या आवृत्तीत रायफलविरोधी कवचांच्या तीन पायऱ्या असून एस. एस. १०९ च्या जातीच्या गोळीसाठी मधली स्वतंत्र पायरी आहे, कारण शिशाच्या गाभ्याची जड ७.६२ मिमी. गोळी अडवणारा हलका पॉलिएथिलीनचा पट पोलादी टोकाच्या छोट्या गोळीपुढे टिकेलच असे नसते. भारतात भारतीय मानक ब्यूरोने २०१८ साली आय. एस. १७०५१ हे मानक प्रसिद्ध केले. कानपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने २०२४ मध्ये त्यातील सर्वोच्च, म्हणजे सहाव्या, स्तराचे जाकीट जाहीर केले. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानेही बोरॉन कार्बाइडवर आधारलेले ‘भाभा कवच’ विकसित केले आहे. गोळ्यांच्या बाजूने पाहता जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा सरकारी कारखाना रायफलची काडतुसे बनवतो.

चिलखताच्या प्रमाणपत्रात गोळीची जात, वेग आणि आघातांची संख्या हे तिन्ही तपशील नमूद नसतील तर ते खरेदीखात्याने ग्राह्य धरू नये. सिरॅमिक पट उंचावरून पडल्यास डोळ्यांना न दिसणारे तडे जाऊ शकतात व ते क्ष-किरणांनी उमगतात. अशी तपासणी न झालेला जुना पट अंगावर चढवण्यापेक्षा भांडारात जमा करून त्याची बदली मागणे इष्ट होय.