नकाशात नसलेल्या वाटा : मुलुंडची दुकानं आणि वहिवाट

आजचा विषय आहे उपनगरांतली नाहीशी झालेली दुकानं आणि बोळ. या विषयावर बोलायला लागलं की माणूस पटकन हळवा होतो, आणि त्यात वाईट काही नाही. पण आपण जरा वेगळा प्रश्न विचारू : दुकान जातं तेव्हा त्याच्याबरोबर नेमकं काय जातं?

मुलुंडचं उदाहरण घेऊ, कारण मुलुंड पश्चिमेचा जुना भाग आपोआप वाढलेला नाही. १९२२च्या सुमारास झवेर कुटुंबासाठी क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत आखणी केली. एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते, मधे प्लॉट. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. १९५७ साली मुलुंड मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं. बैठी घरं गेली, तीन-चार मजली इमारती आल्या, आता टॉवर येताहेत. रस्ते मात्र जिथल्या तिथे आहेत. म्हणजे बघा, जे कागदावर आखलं ते टिकलं.

जे आखलं नव्हतं, ते गेलं. आमच्या तरुणपणी इमारतींची फाटकं बहुधा उघडीच असत. पिठाच्या गिरणीच्या बाजूने शिरायचं, कोळशाच्या वखारीमागून वळायचं आणि पलीकडच्या रस्त्यावर निघायचं. काही दुकानांना पुढे-मागे दोन दारं होती. ‘शेठ, जाऊ का?’ असं विचारायचं आणि शेठ हिशेबाच्या वहीतून मान वर न करता हात हलवायचे. दळणाचा डबा घेतलेली बाई, शाळेतली पोरं, काठी टेकत जाणारे आजोबा, सगळे तिथूनच जात.

दुकानं का गेली, हे सांगणं सोपं आहे. घरोघरी गॅस आला, तशी वखार संपली. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ गोठवली, त्यामुळे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत मालकाला रस उरला नाही. पुढे जमिनीचे भाव चढले आणि पाडून बांधणं परवडू लागलं. अनेकांच्या मुलांनाही गल्ल्यावर बसायचं नव्हतं. यात कुणी खलनायक नाही.

वाट का गेली, हा प्रश्न जास्त अवघड आहे. मराठीत ‘वहिवाट’ हा सुंदर शब्द आहे. रुळलेली रीत म्हणजे वहिवाट, आणि जाण्यायेण्याचा हक्क म्हणजेही वहिवाट. आपल्या भाषेला सवय आणि हक्क शेजारी शेजारी दिसतात. कायद्याला तसे दिसत नाहीत. १८८२चा सुविधाधिकार कायदा सांगतो की, उघडपणे, हक्काने आणि अखंड २० वर्षं वापरलेल्या वाटेवर हक्क मिळू शकतो. पण तो मिळतो शेजारच्या जमिनीच्या मालकाला, वाटसरूला नाही. आणि मालकाच्या परवानगीने जात असाल, तर वीस काय, चाळीस वर्षं गेलात तरी या कलमाखाली हक्क तयार होत नाही. आता शेठजींचा तो हलणारा हात आठवा. त्यांचा चांगुलपणा हीच परवानगी! ज्या सौजन्यावर वाट जगत होती, त्याच सौजन्यामुळे ती कायद्याच्या लेखी कधी जन्मालाच आली नाही.

म्हणून भिंत उभी राहिली तेव्हा कुणी भांडायला गेलं नाही. भांडणार कशाच्या आधारावर? आज तिथे पार्किंग आहे, वॉचमनची केबिन आहे. तरुण माणसाला वळसा जाणवत नाही. माझ्या वयाच्या माणसाला तोच वळसा, उन्हात, रिक्षा चुकवत, फुटपाथ नसलेल्या रस्त्यावरून घालावा लागतो. मग हळूहळू तो बाहेर पडणंच कमी करतो. दुकानाबरोबर जातं ते हे : परक्या माणसाला आपल्या जागेतून जाऊ देण्याची रीत.

तुमच्यापैकी अनेकांच्या सोसायट्या आज पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर आहेत. सभेत चर्चा चटईक्षेत्राची, भाड्याची आणि कॉर्पसची होते. ती व्हायलाच हवी. पण सही करण्याआधी एकदा आवारात उभं राहून बघा, इथून कोण कोण जातं. ती वाट आराखड्यात काढून घ्या, करारात लिहून घ्या. मुलुंडचे रस्ते शंभर वर्षं टिकले, कारण कुणीतरी ते कागदावर काढले होते. बोळासाठीही तेवढं करता येईल.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.