भूकंपांची फ्रॅक्टल रचना

भूकंपांची संख्या, स्थळे आणि वेळा यांत लहानमोठ्या सर्व प्रमाणांवर आढळणारी सारखीच ठेवण. ‘फ्रॅक्टल’ ही संज्ञा बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये रूढ केली. भूकंपशास्त्राला मात्र तिचा प्रत्यय आधीच आला होता. मोठ्या भूकंपानंतरचे धक्के कोणत्या गतीने विरळ होतात, हे फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्ये दाखवले. गुटेनबर्ग–रिश्टर नियमानुसार (१९४४) महत्ता एकाने वाढली की भूकंपांची संख्या साधारण दहापटीने घटते. या उताराला ‘बी-मूल्य’ म्हणतात. ते बहुधा १ च्या आसपास असते.

स्थळांसाठी ‘सहसंबंध मिती’ काढतात. नोंदलेल्या भूकंपकेंद्रांच्या सर्व जोड्या घेऊन ठरावीक अंतराच्या आत किती पडतात ते मोजायचे, अंतर वाढवत जायचे आणि दोन्हींचा लॉगरिदमी आलेख काढायचा. त्याचा चढ म्हणजे मिती. नकाशावर केंद्रे सर्वत्र विखुरलेली असतील तर ती २ च्या जवळ, एका रेषेत असतील तर १ च्या जवळ येते. त्याहून कमी म्हणजे धक्के काही ठिकाणी दाटलेले.

खडकावरचा ताण वाढला की बी-मूल्य उतरते, असे प्रयोगशाळेत दिसते. त्यामुळे मूल्याची घसरण ही मोठ्या भूकंपाची पूर्वखूण मानावी, असा विचार पुढे आला. २०११ च्या तोहोकू भूकंपापूर्वी अशी घसरण झाल्याचे जपानी नोंदींत आढळले, पण भूकंप होऊन गेल्यावर. शिवाय मोठ्या धक्क्यानंतरच्या गोंधळात बारीक धक्के नोंदीतून निसटतात आणि मूल्य उगाचच उतरलेले दिसते. अपुऱ्या यादीवर काढलेल्या मितीलाही फारसा अर्थ नसतो.

या दृष्टीने कोयना परिसर अभ्यासकांना सोयीचा. ११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ महत्तेच्या भूकंपानंतरही तेथे जलाशयाच्या चढउताराशी निगडित धक्के दशकानुदशके, तेही लहानशा पट्ट्यात, होत राहिले आहेत.

या रचनेवरून संभाव्यता सांगता येते, तारीख नाही. मोठ्या भूकंपाची सुरुवात लहान भूकंपासारखीच होत असेल, तर कोणता धक्का वाढत जाईल हे आरंभी ओळखण्याची खूणच उरत नाही. तारखेचा आडाखा नियमित आवर्तनावर बांधूनही पाहिला गेला: कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथे १९९३ पूर्वी अपेक्षिलेला भूकंप २८ सप्टेंबर २००४ रोजी झाला, आणि भोवती उपकरणांचे दाट जाळे असूनही ठळक पूर्वसूचना मिळाली नाही.