खांबाशी कुस्ती

बास्केटबॉलच्या सरावात एक गंमत पाहायला मिळते. पाच खेळाडू चेंडू एकमेकांकडे देतात, पळतात, वळतात, बास्केटमध्ये टाकतात. अडवायला मात्र समोर कोणीच नसतं. बघणाऱ्याला वाटतं, रिकाम्या मैदानावर ही कसली चढाई? पण कोणी कुठून निघायचं, चेंडू केव्हा सोडायचा, हे आधी पायांना पाठ व्हावं लागतं. ते झालं की नजर समोरच्याकडे लावता येते. डोंगरकड्यासारख्या गावात दहा मुलं जमली नाहीत, तरी पाचजणांना एवढं करता येतं.

हा खेळ १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला जेम्स नायस्मिथ यांनी सुरू केला. प्रतिस्पर्ध्यावाचून डाव घोटवण्याची आपली रीत मात्र त्याहून कितीतरी जुनी. तिचं नावच मल्लखांब. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नव्यानं उभी केली.

त्याची एक कथा सांगतात. अली आणि गुलाब हे दोन पहिलवान निजामाच्या राज्यातून पुण्याला आले. हे तेच राज्य, ज्यात आपला मराठवाडा १९४८ पर्यंत होता. त्यांचं आव्हान घ्यायला कोणी पुढे येईना. तरुण बाळंभटदादांनी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगी गडावर जाऊन तयारी केली आणि परत येऊन अलीला चीत केलं. कथेत भक्तीचा भाग आहे, तपशीलही सांगणाऱ्यागणिक बदलतात. मला तिच्यात अली मोठा वाटतो. तो आलाच नसता, तर खांबाशी झुंजायची गरज कोणाला पडली असती? विजयाची गोष्ट सांगताना आपण जिंकणाऱ्याचं नाव घेतो. त्याला मेहनत करायला लावणारा बाजूला राहतो.

खांब घडवणारे मात्र त्याला विसरले नाहीत. मल्लखांबाला अंग असतं, वर निमुळती मान, तिच्यावर बोंड. म्हणजे उभा माणूसच. वरून एरंडेल चोळलेलं, त्यामुळे घामेजल्या पहिलवानासारखाच तो हातातून निसटतो. अढी सैल पडली की खाली. खांब हुलकावणी देत नाही, डाव उलटवत नाही. म्हणून त्यानंतर हौद्यात उतरून जित्या माणसाशी भिडावंच लागे.

पुढे खांबावरची कसरत हाच स्वतंत्र खेळ झाला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तिथे भारतीय व्यायामप्रकार दाखवले. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. परदेशी मुलामुलींनी खांबावर अढ्या घातल्या. चीत करायचा मल्ल त्यात उरला नाही, पण त्याची मान आणि बोंड खांबावर तसंच आहे.

तेव्हा, रिकाम्या मैदानावर चढाई घोटवणाऱ्या मुलांनी वाटेत एखादी खुर्ची तरी ठेवावी. चेंडू देताना तिला वळसा घालावा लागेल. आणि डाव पायांत बसला की खुर्ची उचलून तिथे एक मुलगा उभा करावा, अडवणारा.