घोरावाडीची वेळ आणि कर्नेलचें घड्याळ

तळेगांव सोडून लोकल गाडी पुण्याकडे निघाली, म्हणजे पहिलें स्थानक लागतें तें घोरावाडीचें. येथील सूर्याची वेळ, सरासरीनें पाहतां, भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारें ३५ मिनिटें मागें असते. स्थानकावरच्या घड्याळांत बारा वाजतात, तेव्हां सूर्य माथ्यावर यावयास बराच अवकाश असतो. मग खोटें कोण, सूर्य कीं घड्याळ? दोघेहि खरे. एकाची गति निसर्गानें ठरविली आहे आणि दुसऱ्याची करारानें, एवढाच भेद. आणि करार म्हटला, कीं तो लिहून ठेवावाच लागतो.

या लोहमार्गाचा इतिहास हीच साक्ष देतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा खंडाळा ते पुणें हा मार्ग १८५८ सालीं सुरू झाला आणि बोरघाट चढून तो १८६३ सालीं मुंबईशीं जोडला गेला. घटिकापात्र पाण्यांत सोडून मुहूर्त साधणाऱ्या मावळांत २४ मिनिटांची घटका पुरेशी होती. परंतु एका मार्गावरील गाड्यांस दोन घड्याळें चालत नाहींत. १८७० पासून रेल्वेनें मद्रासची वेळ धरली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३० मिनिटें मागें. १८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं मुंबईवरहि मद्रासची वेळ लादून पाहिली; लोकांनीं ती मानली नाहीं आणि १८८३ सालीं तो बेत सोडावा लागला. १९०६ सालीं प्रमाणवेळ आली, तरी मुंबईनें ३९ मिनिटें मागें असलेली आपली वेळ पुढें कित्येक वर्षें जपली. या काळांतील एखादा कागद वाचतांना ‘सकाळीं दहा’ म्हणजे कोणाचे दहा, हें लिहिलेलें नसेल तर वाचक फसलाच.

हाच पेंच आज संगणकाच्या पोटांत बसला आहे. लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यांत, म्हणजे कर्नेलमध्यें, मुख्यतः दोन घड्याळें चालतात. एक व्यवहाराच्या वेळेचें; तें मागेंपुढें सारतां येतें. दुसरें केवळ पुढेंच जाणारें. मुदत मोजावयाची ती त्याच्यावर. ठराविक मुदतीनंतर काम करवून घेणारा जो टायमर, त्याचा करार असा कीं तो उशिरां वाजेल, परंतु मुदतीपूर्वीं कधींहि वाजणार नाहीं.

हा करार मोडला म्हणजे काय होतें, तें २०१२ सालीं दिसलें. त्या वर्षीं ३० जूनच्या अखेरीस, म्हणजे भारतांत १ जुलैच्या पहांटें साडेपांचच्या सुमारास, जगाच्या घड्याळांत एक अधिक सेकंद घातला गेला. कर्नेलनें आपलें घड्याळ सुधारलें; पण टायमर सांभाळणाऱ्या भागास ती वार्ता पोंचलीच नाहीं. व्यवहाराच्या वेळेवर लावलेले टायमर एक सेकंद आधींच वाजूं लागले. अल्प मुदतीचे तर लावतांक्षणींच. यंत्रें व्यर्थ धांवत राहिलीं आणि ऑस्ट्रेलियांतील विमानतळांवर प्रवाशांची नोंद हातानें करण्याची पाळी आली. एका सेकंदाची ही किंमत!

दुसरा घोटाळा शब्दांचा. टायमर रद्द केला, म्हणजे त्याचें आधींच सुरू झालेलें काम थांबलें, असें नाहीं. सिग्नल लाल केला तरी तो ओलांडून गेलेली गाडी त्यामुळें थांबत नाहीं. निव्वळ रद्द करणें, काम संपेपर्यंत थांबून रद्द करणें आणि पुन्हां कधींच लावूं न देणें, या तीन निराळ्या गोष्टी आहेत. २०२२ सालीं थॉमस ग्लाइक्सनर यांनीं या क्रियांच्या नोंदी नव्यानें लिहून काढल्या. हें काम कोणास कारकुनी वाटेल. परंतु ज्याला हा भेद सांगितला गेला नाहीं, तो मोकळी केलेली स्मृति वापरांत आहे असें समजणारा टायमर मागें ठेवून जातो, आणि यंत्र कोसळतें तें भलत्याच ठिकाणीं.

फर्ग्युसनसाहेबांची वेळ गणितानें चुकीची नव्हती. लोकांच्या संमतीवांचून ती पडली. कर्नेलचें घड्याळहि बहुधा गणितानें चुकत नाहीं. चुकतो तो न लिहिलेला करार. घोरावाडीच्या स्थानकावर गाडीची वाट पाहणारा मनुष्य ज्या वेळापत्रकावर विसंबतो, तें अशाच एका लिहिलेल्या कराराचें पान आहे.