संग्रहालयातील मांडणी वस्तूचा अर्थ कशी बदलते?

संग्रहालयातील वस्तू तीच राहिली, तरी ती कुठे, कशाशेजारी आणि कोणत्या फलकासह ठेवली आहे यावर पाहणाऱ्याला लागणारा अर्थ ठरतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात याची चांगली उदाहरणे आहेत.

गंजिफा: चित्र की खेळ?

सावंतवाडीची गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत १२० पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, वजीर व एक ते दहा असे बारा पत्ते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही मागे पडलेली कला राजवाड्यात पुन्हा उभी केली.

यातला मत्स्यावताराचा एकच राजा काचेच्या पेटीत उभा केला, तर तो लघुचित्र वाटतो. त्या रंगाचे बाराही पत्ते क्रमाने लावले, तर हा खेळ आहे हे कळते. शेजारी रंग, कुंचले आणि अर्धवट रंगवलेले पत्ते ठेवले, तर लक्ष चिताऱ्याच्या कामाकडे जाते. तिन्ही मांडण्या खऱ्या आहेत. पण प्रत्येकीत काहीतरी मागे राहते.

जागा बदलली तर?

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यातील शिवराजेश्वर मंदिरात शिवाजी महाराजांच्या मूर्तीची पूजा होते. किल्ल्यातच छोट्या घुमट्यांमध्ये चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे असून ते महाराजांचे मानले जातात. मूर्ती दालनात ठेवली, तर पाहणारा तिची घडण आणि काळ पाहील. मंदिरात मात्र तो आधी हात जोडतो. ठसे तटबंदीपासून वेगळे केले, तर किल्ल्याच्या बांधकामाशी असलेला त्यांचा संबंधच तुटेल.

फलकावरचे शब्द

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्यात प्रदर्शनासाठी आली. पूर्वी ती ब्रिटिश अधिकारी जेम्स ग्रँट डफ यांच्याकडे होती. सोबतच्या जुन्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचा मजकूर आहे. अफझलखानाच्या वधात हीच वापरली होती का, याची खातरजमा करता येत नाही, असे लंडनच्या संग्रहालयाचे म्हणणे आहे. फलकावर ‘महाराजांची वाघनखे’ लिहायचे की ‘महाराजांची मानली जाणारी’, एवढ्या फरकाने श्रद्धा, परंपरा आणि पुरावा यांतले अंतर दिसते किंवा झाकले जाते.

पाहताना काय लक्षात घ्यावे?

वस्तू मुळात कुठे होती, तिच्याशेजारी काय ठेवले आहे, फलकावर कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, हे पाहावे. राजाचे नाव असते, चिताऱ्याचे बहुधा नसते. ते का नाही, हा प्रश्नही त्या मांडणीतूनच सुचतो.